मधली जागा

नव्या प्राणीगृहात पिंजरे हलवायला सुरुवात झाली त्या दिवशी जनावरांची देखभाल करणाऱ्या मामांचं कार्ड चाललं नाही. त्यांनी ते दाराशेजारच्या डबीवर तीनदा टेकवून पाहिलं आणि तिन्ही वेळा लाल दिवा लागला. मामा काही चिडले नाहीत. "अठ्ठावीस वर्षं दार मला ओळखत होतं," ते म्हणाले. "आता त्याला पुरावा द्यायचा." मागे ट्रॉली धरून उभ्या असलेल्या डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं.

डॉक्टरबाई म्हणजे विद्यापीठाच्या प्राणीगृहाच्या पशुवैद्य. औषधांवर संशोधन करणाऱ्या सगळ्या विभागांचे उंदीर, ससे आणि गिनीपिग त्यांच्या हवाली असत. सोळा वर्षं त्यांनी ही जनावरं विज्ञान इमारतीच्या अर्ध्या तळघरात सांभाळली होती. तिथे भिंतींना ओल होती, पंखे कुरकुरायचे, आणि वास असा की घरी जाऊन डोकं धुतलं तरी उशीला चिकटून राहायचा. आता मागच्या मोकळ्या जागेवर नवी बैठी इमारत उभी राहिली होती. एका ओळीत तीन दालनं, प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र गाळलेली हवा, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, तापमान बावीस अंश, त्यात अर्ध्या अंशाचाही फरक पडला तर भोंगा. जुनी आणि नवी इमारत साठेक पावलांच्या बंद मार्गिकेने जोडलेली होती. पाच आठवड्यांनी तपासणी होती. तपासणीत पास झाल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय एकही प्रयोग चालू ठेवता येणार नव्हता. हृदयाच्या औषधावर काम करणाऱ्या एका गटाची चार वर्षांची मेहनत याच उंदरांच्या अंगात होती. विभागप्रमुखांनी हे डॉक्टरबाईंना इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की बाई मनातल्या मनात वाक्य पुरं करायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता फेरी मारताना बाईंच्या लक्षात आलं, की उंदरांनी सगळी घरटी पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात बांधली आहेत.

उंदीर कागदाच्या चिंध्या आणि भुसा गोळा करून घरटं करतात. कुणी पुढे करतो, कुणी मागे, कुणी पाण्याच्या नळीखाली. इथे दोनशे चाळीस पिंजऱ्यांत घरटं नैऋत्येच्या कोपऱ्यात होतं, आणि घरट्यातले पाचही उंदीर नाकं त्याच बाजूला करून बसले होते. झोपले नव्हते, नुसते बसले होते.

हवेचा झोत असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी धुराची कांडी पेटवून पाहिली. धूर सरळ वर गेला. मग एखादा आवाज असेल, आपल्याला ऐकू न येणारा. भौतिकशास्त्र विभागातून तसे आवाज टिपणारं यंत्र आणलं, दिवसभर लावून ठेवलं. काही नाही. शेवटी मामांच्या मदतीने त्यांनी एक आख्खा रॅक चाकांवरून अर्धा वळवला, पुढची बाजू मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रॅकमधल्या प्रत्येक पिंजऱ्यातलं घरटं उचलून पलीकडे नेलेलं होतं. पिंजऱ्याचा कोपरा बदलला होता. दिशा तीच होती.

ससे वेगळ्या दालनात होते. त्यांचे कान लांबूनही दिसतात. सगळे कान एकाच बाजूला वळलेले होते, पण उंदरांच्या दिशेपेक्षा जरासे तिरपे. गिनीपिगांच्या दालनात आणखी थोडे तिरपे. बाईंनी फोनमधला होकायंत्राचा काटा बघून तिन्ही दालनांची दिशा लिहून घेतली. का घेतली ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. अस्वस्थ वाटलं की काहीतरी मोजायचं, ही त्यांची जुनी सवय.

त्यांचा नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने इमारतीच्या नकाशावर पट्टी ठेवली. "एका रेषेवर कधी विश्वास ठेवू नये," तो वर्गातल्यासारखा म्हणाला. "दोन असल्या तर बोलणी होऊ शकतात. तिसरी आली की भांडण मिटतं." त्याने तीन रेषा काढल्या. तिन्ही एकाच ठिकाणी छेदल्या. एवढ्या अचूक, की पेन्सिलीचा ठिपकासुद्धा वेगळा द्यावा लागला नाही.

ते ठिकाण म्हणजे जुन्या तळघरातली मोठी खोली. तिचा मध्य.

सोमवारी बाई खाली गेल्या. तिथे हवेच्या यंत्रणेची मोठी यंत्रं बसवायची होती, म्हणून ठेकेदाराने फरशी फोडायला घेतली होती. तो बाईंना पाहून स्वतःच पुढे आला. सोळा वर्षं तुम्ही कशावर उभ्या होतात ते बघा तरी, म्हणाला. खोलीच्या मधोमध चार हातांचा खड्डा होता. बाकी सगळीकडे फरशीखाली थेट मुरूम लागला होता. फक्त मध्ये फरशीखाली दुसरी फरशी, तिच्याखाली काळा दगड, त्याच्याखाली विटा. "ज्याने त्याने वरून नवी टाकली," ठेकेदार म्हणाला. "खालची काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. आम्हीच पहिले शहाणे."

विटांखाली काय निघालं, असं बाईंनी विचारलं. नुसती माती, तो म्हणाला. बाईंनी खाली वाकून हात लावून पाहिला. माती मऊ होती, मध्ये जराशी दबलेली, आणि कोमट. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

फोडकाम कधी केलं, हेही त्यांनी विचारलं. ठेकेदाराने वही बघून बुधवार सांगितला. घरटी कोपऱ्यात दिसली होती गुरुवारी सकाळी.

मामा पाण्याच्या बाटल्या धूत होते. बाई त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. मामांना नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. जुन्या खोलीत जनावरं नेहमीच मध्ये तोंड करून बसायची, ते म्हणाले, तुम्हाला कधी दिसलं नाही? बाईंना खरंच दिसलं नव्हतं. जुन्या खोलीत रॅक चारी भिंतींना लावलेले असत. माणूस रॅकसमोर उभा राहिला की त्याची पाठ खोलीच्या मध्याकडे असायची, आणि पिंजऱ्यातलं जनावर आपल्याकडेच बघतंय असं त्याला वाटायचं. सोळा वर्षं बाईंना तसंच वाटत आलं होतं.

मामांनी मग आणखी सांगितलं. ते कामाला लागले त्या दिवशी त्यांच्या आधीच्या माणसाने त्यांना एकच गोष्ट बजावली होती: मधली जागा मोकळी ठेवायची. तिथे रॅक नाही, बादली नाही, उभंही राहायचं नाही. ट्रॉली फिरवायला सोपं जातं म्हणून असेल, असं मामांना वाटलं होतं.

"तुम्ही कधी उभे राहिलात?" बाईंनी विचारलं.

"एकदा. बादली ठेवायला गेलो होतो."

"मग?"

मामांनी हातातली बाटली उजेडात धरून स्वच्छ झाली की नाही ते पाहिलं. "मग बादली उचलली," ते म्हणाले. आणि त्यांनी पुढची बाटली धुवायला घेतली.

दुसऱ्या आठवड्यात ठिपका हलला.

बाई रोज सकाळी तीन दिशा लिहून आणत आणि संध्याकाळी नवरा रेषा काढत असे. आधी तो थट्टा करायचा, तुझ्या उंदरांना गणितात पास करून टाकू, म्हणायचा. मंगळवारी रेषा खड्ड्यापासून दोन मीटरवर, तळघराच्या पायऱ्यांशी छेदल्या. बुधवारी पायऱ्यांच्या वर. गुरुवारी मार्गिकेत. त्यानंतर त्याने थट्टा सोडली. पट्टी ठेवताना तो जीभ दातांत धरायचा, ठिपका काढायचा आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख लिहायचा. ठिपक्यांची ओळ भिंती कापत सरळ येत नव्हती. माणसं जिथून चालतात तिथूनच येत होती. वळण आलं की वळत होती.

मार्गिकेच्या टोकाला, नव्या इमारतीच्या दाराशी, ती थांबली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. ठिपक्यावर ठिपका. दार कार्डाशिवाय उघडत नसे आणि उघडलं तरी आपोआप मिटायचं. बाई त्या पाच दिवसांत जिन्यावरून उलट्या बाजूने, बाहेरच्या अंगणातून ये-जा करत राहिल्या. मामाही तसंच करत होते.

जेवायला बसलं की बाईंचा पाय टेबलाखाली हलत राही. नवरा एकदा म्हणाला, रजा घे आणि आठ दिवस लेकीकडे जाऊन ये. बाई म्हणाल्या, तपासणी झाली की जाईन. पण मनातून त्यांना माहीत होतं, की तिथे गेल्यावरही त्या सकाळी सात वाजता मामांना फोन करून विचारणार, आज कुठे.

सहाव्या दिवशी बाई विभागप्रमुखांच्या बैठकीत अडकल्या असताना पिंजरे धुण्याचं मोठं यंत्र आलं. आठ माणसांनी ते मार्गिकेतून आणलं. दार मिटू नये म्हणून खाली विटेचा तुकडा लावला होता. पाऊण तास दार सताड उघडं होतं.

बाई परत आल्या तेव्हा मामा उंदरांच्या दालनाबाहेर उभे होते. आत जाऊन बघा, एवढंच म्हणाले.

आत जायला बाईंना नको वाटत होतं, तरी त्या गेल्या. दालनात चारी बाजूंना रॅक होते. डावीकडचे उंदीर उजवीकडे नाकं करून होते आणि उजवीकडचे डावीकडे. समोरच्या भिंतीजवळचे दाराकडे बघत होते, पण दाराकडे नाही. दाराच्या अलीकडे. मध्ये गुळगुळीत, नवी कोरी, राखाडी जमीन होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून उंदीर झोपेनासे झाले. जुन्या खोलीत निदान ते खायचे, प्यायचे, वाढायचे. इथे आया पिल्लांना सोडून काचेला नाक लावून बसू लागल्या. सहा दिवसांत सरासरी वजन दीड ग्रॅमने उतरलं, आणि पंचवीस ग्रॅमच्या जिवाला दीड ग्रॅम म्हणजे थट्टा नव्हे. औषधाच्या गटातली संशोधक मुलगी रडवेली होऊन आली. असेच आणखी पंधरा दिवस गेले तर चार वर्षांचे आकडे फेकून द्यावे लागतील, म्हणाली. विभागप्रमुखांनी अन्न बदला सांगितलं, भुसा बदला सांगितलं, आणि शेवटी बाईंच्या तोंडाकडे बघत, थोडं गंभीर होऊन, तुम्हीच काहीतरी करा असं सांगितलं.

करण्यासारखं होतं तरी काय? मामांनी मधल्या जागेभोवती चार स्टुलं मांडून ठेवली, चुकून कुणी पाय ठेवू नये म्हणून. बाईंनी दोनदा, दालनात दुसरं कुणी नसताना, दार उघडं धरून ठेवलं आणि वाट पाहिली. उंदरांची नाकं हलली नाहीत. ते आपल्या आपण दार ओलांडत नव्हतं. यंत्र आलं तेव्हाही ते बहुधा कुणाच्या तरी सोबतीनेच आत आलं होतं. त्या आठ जणांपैकी कुणाच्या, ते बाईंनी शोधलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मामांनी स्टुलं उचलली. जमिनीवर अनावश्यक वस्तू नकोत, असा नियमच होता.

तपासनीस एकटेच आले. पन्नाशी ओलांडलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. बूट बदलताना, झगा चढवताना आपल्यालाच हसत होते. या झग्यात मी आचाऱ्यासारखा दिसतो, म्हणाले. त्यांनी मामांना त्यांच्या नोकरीची वर्षं विचारली आणि आकडा ऐकून मान लववली. नोंदी पाहिल्या, हवा पाहिली, तापमान पाहिलं. वजनांच्या तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. जागा बदलली की असं होतं, स्थिरावतील, असं ते स्वतःच म्हणाले, आणि बाईंना त्यांच्याबद्दल एकाएकी माया वाटली.

मग ते उंदरांच्या दालनात आले. रॅकच्या कडेने एक फेरी मारली. वही उघडली, आजूबाजूला पाहिलं आणि लिहायला बरी जागा शोधत चार पावलं मागे सरकले.

मामा झटकन पुढे झाले.

बाईंनी त्यांची बाही धरली.

जोर लावला नव्हता. नुसती दोन बोटांत धरली होती. मामांनी वळून बाईंकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

तपासनीस मधोमध उभे होते.

"इथून सगळं एका नजरेत येतं," ते म्हणाले. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय गुणी जनावरं आहेत हो. सगळी माझ्याकडेच बघताहेत."



त्यांनी सही केली. वही मिटली. खांद्याला कसलासा आळस आल्यासारखा एक झटका दिला आणि ते दाराकडे निघाले.

भुशाचा खसखसाट झाला. एकाच वेळी, दोनशे चाळीस पिंजऱ्यांतून. बाराशे नाकं त्यांच्याबरोबर वळत गेली.

बाईंनी पुढे होऊन दार उघडलं. ते बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. मग मार्गिकेचं. मग बाहेरचं. तीन दारं, आणि तिन्ही त्यांनीच धरली.

फाटकातून गाडी निघून गेल्यावर त्या परत आल्या तेव्हा पुढच्या रॅकमधल्या एका आईने पिल्लांवर अंग टाकलं होतं. शेजारच्या पिंजऱ्यातले पाचही जण एकमेकांवर पडून झोपले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी शेवटच्या तीन दिशा नवऱ्याला दिल्या. बहुतेक उंदीर गाढ झोपले होते, पण जे जागे होते त्यांची नाकं एकीकडे होती. नवऱ्याने रेषा काढल्या. त्या कुठेही न छेदता शेजारून शेजारून गेल्या आणि कागदाच्या काठावरून खाली उतरल्या. "लांब गेलं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होते?"

त्याने नकाशाची घडी घातली. घडी नीट बसेना म्हणून परत उलगडून पुन्हा घातली, आणि उठून गेला.

परवाना आठ दिवसांत आला. उंदरांची वजनं भरून आली, पिल्लं वाढली, संशोधक मुलीने सगळ्या प्राणीगृहाला चहा पाजला. मामा महिनाअखेरीस निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात विभागप्रमुखांनी त्यांना प्राणीगृहाचा आधारस्तंभ म्हटलं. जाताना मामांनी कार्ड बाईंच्या हातात दिलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, त्या दिवशी मीही नुसती बाहीच सोडवून घ्यायची होती." बाई जनावरांच्या नोंदी लिहायला बसल्या, आणि एकच ओळ चारदा खोडली.

तपासणीनंतर सहाव्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांचा फोन वाजला. तपासनीस बोलत होते. तोच मृदू आवाज होता, फक्त थोडा बसलेला. त्यांनी प्राणीगृहाची चौकशी केली, मामांची केली, हवापाण्याची केली. मग म्हणाले, तुम्ही प्राण्यांच्या डॉक्टर, म्हणून एक खाजगी गोष्ट विचारतो, हसू नका.

त्यांच्या घरी कुत्रा होता, अकरा वर्षांचा. पत्नी गेल्यापासून घरात ते दोघंच. गेला दीड महिना कुत्रा झोपत नव्हता. एका जागी बसून एकटक बघत राहायचा. डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक निघालं.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. काय बघतो, असं त्यांनी विचारलं. आपला आवाज दवाखान्यातल्यासारखा निघाला, हे त्यांना जाणवलं.

"माझ्याकडे बघतो असं मला आधी वाटलं," तपासनीस म्हणाले. "पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी."

"शेजारी म्हणजे नक्की कुठे? नीट आठवून सांगा."

पलीकडे खुर्ची करकरली. ते उठून उभे राहिले असावेत. "सुरुवातीला माझ्या पायांशी बघायचा. अगदी जमिनीलगत," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. आणि आज सकाळपासून तो मान पार मागे टाकून वर बघतोय, मॅडम. माझ्या डोक्याच्याही वर."